मक्याचा उलटा दाणा

जानेवारीत लखनौचा सूर्य नुसता हजेरी लावायला येतो. बाराच्या सुमारास तोंड दाखवतो आणि तीन वाजले की पुन्हा धुक्यात जातो. मधल्या तेवढ्या वेळात सगळं जानकीपुरम गच्चीवर असतं. कठड्यांवर रजया पडलेल्या असतात, बायका मटार सोलत बसलेल्या असतात, आणि बारावीची मुलं झेरॉक्सची भेंडोळी हातात धरून ओठ हलवत येरझारा घालत असतात. प्रॅक्टिकल परीक्षांचा हा हंगाम. मला ते हलणारे ओठ बघवत नाहीत. ज्या गोष्टी नुसत्या डोळ्यांनी बघायच्या असतात, त्या ही मुलं ओठांनी पाठ करतात. आणि त्यांना तसं करायला लावणारी माणसं खालच्या मजल्यावर हीटरपाशी बसून चहा पीत असतात.

परवा माझी मुलगी मुक्ता कोचिंगमधून असंच एक भेंडोळं घेऊन आली. मी सहज चाळलं आणि एका पानावर थांबले. मक्याच्या दाण्याचा उभा छेद. चित्र ठळक, पट्टीने ओढलेल्या रेषा, सुबक अक्षर. आणि दाणा उलटा. निमुळतं टोक वर, रुंद बाजू खाली, नावं मात्र दाणा सुलटा असल्यासारखी. म्हणजे मुळाला कोंब म्हटलेलं आणि कोंबाला मूळ. मी तिला म्हटलं, हे चुकीचं आहे. ती केस विंचरत होती. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "मम्मी, सर ने यही करवाया है, यही आएगा. आप टेन्शन मत लो," ती म्हणाली आणि निघून गेली.

ते चित्र मी ओळखलं होतं. नावांच्या रेघांना शेवटी छोटासा बाक द्यायची त्या हाताची सवय मला माहीत आहे. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत ते शाळेतून कोचिंगमध्ये आणि कोचिंगमधून माझ्या घरात आलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मी मूळची कराडची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले, नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली, आणि इथे मुक्ता तिसरीत गेल्यावर मी एका खाजगी शाळेत नोकरी धरली. बारावीला जीवशास्त्र, नेमणूक तात्पुरती, दर मार्चला पुन्हा ठरायची. विभागप्रमुख होते भटनागर सर. उंच, देखणे, मफलर नीट दुमडून घालणारे, बायकांना दार उघडून देणारे. त्यांनी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं आणि त्या वीस वर्षांत एक बी भिजत घातलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या कपाटात मक्याच्या दाण्याचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, पपईएवढं. त्यावरची धूळ पुसायची, ते टेबलावर ठेवायचं आणि मुलांनी त्याच्याकडे बघत सरांच्या नोट्समधलं चित्र उतरवायचं, असा तिथला प्रयोग होता. मॉडेल सुलटं होतं आणि चित्र उलटं. वीस वर्षांत एकाही मुलाने ते विचारलं नव्हतं. विचारलं असेलच तर त्याला गप्प बसवलं असेल.

ज्यांनी मक्याचा दाणा कधी चिरला नाही, त्यांना सांगते. मका आपण बी म्हणून पेरतो, पण तो दाणा म्हणजे अख्खं फळ असतं. फळाची साल आणि बियाचं टरफल एकमेकांना असं चिकटलेलं असतं की सुरीने वेगळं होत नाही. त्या सालीच्या आत एक पातळ थर आहे, एकाच पेशीच्या जाडीचा. त्याच्या आत पिठाचा साठा, आणि गंमत अशी की दाणा पिकतो तेव्हा त्या पिठाच्या पेशी मेलेल्या असतात. जिवंत राहतो तो हा पातळ थर. पाणी लागलं की तोच पाझरतो आणि पीठ विरघळवून कोंबाला खायला घालतो. तांदूळ-गहू पांढरेशुभ्र करायच्या नादात आपण नेमका तो थर कोंडा म्हणून गुरांपुढे टाकतो. दाण्याच्या एका कुशीत इवलंसं रोप पहुडलेलं असतं. त्याच्या कोंबाला एक म्यान असतं आणि मुळाला दुसरं. कोंबाचं म्यान कोलिओप्टाइल, मुळाचं कोलिओरायझा. मुळाचं टोक दाण्याच्या निमुळत्या बाजूकडे, कोंबाचं रुंद बाजूकडे. एवढंच. चौथीतल्या मुलाला दाणा हातात देऊन दाखवलं तर जन्मभर विसरणार नाही.

भटनागर सरांना म्यान वगैरे फार आवडायचं, पण भाषणापुरतं. एकदा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी या आवरणांवर दहा मिनिटं प्रवचन दिलं. बीजावरणं म्हणजे आईवडील, ती कोवळ्या जिवाला कुशीत धरतात, असं सगळं. दोन शिक्षिकांनी डोळे टिपले. मी मागे उभी राहून थंडीने पाय आपटत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, तू ते म्यान कधी पाहिलंस तरी का. त्यात माया वगैरे काही नाही. ते मातीतून ढुशा देत वर येतं, उजेड लागला की वाढायचं थांबतं, आणि मग आतलं पान त्याला फाडून बाहेर पडतं. फाटलेलं म्यान तिथेच वाळून जातं, कुणी त्याच्याकडे बघत नाही. मला ते खरं रूप त्यांच्या पाणावलेल्या रूपापेक्षा कितीतरी सुंदर वाटायचं. सुंदर वाटायचं आणि मी ते माझ्यापाशी ठेवायचे. कारण मार्च जवळ होता.

माझ्या वर्गाला मात्र मी खरे दाणे दाखवायचे ठरवले. माझ्या तुकडीत शाझिया नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांचं अमीनाबादला लेस आणि बटणांचं छोटं दुकान होतं. ती बोलायची कमी, पेन्सिलीला टोक मात्र असं काढायची की कागदावर रेघ केसासारखी यायची. मी वर्गात विचारलं, जानेवारीत वाळका मका कुठे मिळेल. बाकीच्यांनी ऑनलाइन मागवा म्हणून सांगितलं. शाझिया म्हणाली, अब्बूंच्या दुकानामागे धान्याचा गल्ला-बाजार आहे, मी तुम्हाला घेऊन जाते.

त्या शनिवारी आम्ही दोघी रिक्षातून उतरून अमीनाबादच्या गर्दीत शिरलो. लोकरीचे मोजे, स्टीलची भांडी, गाद्यांची कव्हरं, सगळं एकमेकांवर चढलेलं. धान्याच्या दुकानदाराने विचारलं, "पॉपकॉर्न वाला दें या मुर्गी वाला?" शाझियाने गंभीरपणे माझ्याकडे पाहून उत्तर दिलं, "पढ़ाई वाला." दुकानदार हसला नाही. त्याने तीन पोत्यांतून मूठमूठ काढून हातावर पसरले आणि किडलेले दाणे बोटाने बाजूला करून उरलेले दिले. त्या वर्षी मला भेटलेला, मक्याच्या दाण्याकडे नीट बघणारा तो पहिला मोठा माणूस.

लखनौच्या थंडीत मका उगवत नाही. पहिले दाणे भिजले, आंबले, वास मारायला लागले. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, चित्र काढून दे ना मुलांना, किती लावून घेतेस." जाऊ दे हे त्याचं सगळ्यावरचं औषध. दुसऱ्या खेपेला मी दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातले आणि डबा इन्व्हर्टरवर ठेवला, कारण आमच्या घरात तेवढीच एक जागा कायम कोमट असते. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर प्रत्येक दाण्याच्या निमुळत्या टोकाशी पांढरी गाठ फुगलेली, आणि काहींतून ती भेदून मूळ बाहेर आलेलं. ती गाठ म्हणजे मुळाचं म्यान. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूने कोंबाचं फिकट पिवळं म्यान वर आलं, ताठ, टोकदार.

डबा मी वर्गात नेला. मुलांनी दाणे चिरले, आयोडीन टाकलं. पिठाचा भाग निळाकाळा झाला, रोप पिवळटच राहिलं. पंचवीस मुलं एकदम शांत झाली. त्या शाळेत मी मुलांना भीतीशिवाय दुसऱ्या कशाने शांत झालेलं त्या दिवशीच पाहिलं. मग शाझियाने हात वर केला आणि म्हणाली, नोट्समधलं चित्र उलटं आहे. मी म्हटलं, हो. तिने विचारलं, "तो मैम, एग्ज़ाम में क्या बनाएँ?"

मी म्हटलं, जे दिसतं ते काढा.

हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं होतं. आता आठवलं की मान खाली जाते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी धुकं लवकर हटलं. बाहेरून आलेले परीक्षक भटनागर सरांचे जुने मित्र होते. हे त्यांच्या शाळेत परीक्षक म्हणून जायचे, ते आमच्या. प्रयोगशाळेत गारठा होता म्हणून त्यांची खुर्ची बाहेर हिरवळीवर उन्हात मांडली. पुढ्यात खस्ता कचोरी, जिलेबी, चहा. मुलांच्या वह्या तिथे नेऊन दिल्या जात होत्या आणि ते सरांनी दिलेल्या नमुन्याच्या पानाशी चित्र ताडून गुण देत होते. दिवसभरात त्यांनी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला नाही. तोंडी परीक्षेला मुलांना एकेक करून हिरवळीवर बोलावत. बहुतेकांना, वडील काय करतात, एवढंच विचारलं.

माझ्या तुकडीची बारा-तेरा मुलं होईपर्यंत मला कळलं होतं काय चाललंय ते. सुलट्या चित्रांवर लाल फुली पडत होती. मी हिरवळीच्या कडेला उभी होते, हातात हजेरीचा कागद. पुढे होऊन बोलले नाही. मनात त्या दोघांना मूर्ख म्हणत राहिले, आळशी म्हणत राहिले, जिलेबीचा पाक टिपणाऱ्या त्यांच्या रुमालांचा तिरस्कार करत राहिले. तिरस्काराची एक सोय असते. तो करत उभं राहिलं की आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं.

शाझियाची पाळी आली. परीक्षकांनी वही बघितली, नमुना बघितला आणि फुली मारली. ती तिथेच उभी राहिली. मग तिने स्वेटरच्या खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात मोड आलेला एक दाणा होता. तो तळहातावर ठेवून ती शांतपणे म्हणाली की सर, एकदा हा बघून घ्या.

परीक्षकांचा हात जिलेबीकडे जाता जाता थांबला. त्यांनी दाण्याकडे बघितलं, मग भटनागर सरांकडे. सरांचा चेहरा जराही बदलला नाही. ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्या मधाळ आवाजात म्हणाले, "इनको मैम ने पढ़ाया है. मैम, आप ही बता दीजिए, सही क्या है."

एवढंच सांगायचं होतं. दाणा समोर होता. माझ्याकडे पदवी होती, पंचवीस मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. शाझिया माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत जराही धाकधूक नव्हती. तिला उत्तर माहीत होतं आणि मी तेच देणार याची तिला खात्री होती.

मी म्हटलं, "सर, किताबों में दोनों तरह से मिलता है."

कुठल्याही पुस्तकात दोन्ही तऱ्हांनी नसतं. मूळ खाली जातं, कोंब वर येतो, यात दोन मतं असतील असं पृथ्वीवर एकही शेत नाही. परीक्षक लगेच खूश झाले. म्हणाले, बस, फिर तो जो स्कीम में है वही चलेगा. भटनागर सरांनी मला चहाचा कप पुढे केला. मी घेतला. शाझियाने दाणा परत पुडीत बांधला, "थँक्यू सर" म्हणाली आणि गेली. मला थँक्यू म्हणाली नाही.

संध्याकाळी गुणांच्या यादीवर माझी सही लागत होती. केली. माझ्या तुकडीचे गुण सरांच्या तुकडीपेक्षा कमी होते आणि शाझियाचे सगळ्यांत कमी, कारण ती उलट बोलली होती. मार्चमध्ये माझी नेमणूक वाढली. प्राचार्यांच्या खोलीत भटनागर सर म्हणाले, मॅडममध्ये समजूतदारपणा आहे. पुढची दोन वर्षं मी त्या शाळेत शिकवलं आणि दर जानेवारीला मुलांना सांगितलं की खरं हे आहे, पण परीक्षेत ते काढा. मक्याचे दाणे पुन्हा भिजवले नाहीत. मग नोकरी सोडली, घरी शिकवण्या सुरू केल्या आणि भटनागर सरांबद्दल चारचौघांत चवीने बोलायला लागले. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी ती उलट्या दाण्याची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. प्लास्टिकच्या पपईवर सगळ्या हसायच्या. हिरवळीवरचा परीक्षक मी अगदी हुबेहूब करून दाखवायचे, रुमालासकट. फक्त शेवटी माझं वाक्य यायचं ते गाळायचे. गोष्टीत मी नुसती बघणारी होते.

गेल्या आठवड्यात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. मुक्ताची परीक्षा, नवऱ्याचा बँकेतला व्याप, म्हणून मी एकटीच निघाले. अमौसी विमानतळावर पोचले तर धुक्यामुळे सगळी विमानं रखडलेली. लोक काउंटरवरच्या मुलींवर आवाज चढवत होते, जणू धुकं त्यांनीच सोडलं होतं. माझी पाळी आली. पलीकडच्या मुलीने ओळखपत्र मागितलं, नाव वाचलं, आणि वर बघितलं. मीही तिच्या छातीवरची पट्टी वाचली. शाझिया. नीटनेटका गणवेश, केस घट्ट बांधलेले. पण बोर्डिंग पासवर गेटच्या आकड्याभोवती तिने पेनने गोल केला, तेव्हा ती केसासारखी रेघ बघून मी पट्टीशिवायही ओळखलंच असतं.

मी विचारलं, पुढे काय केलंस. तिने टाइप करता करता सांगितलं की बॉटनी घ्यायची होती, मग घेतली नाही, बी.कॉम. केलं, इथे चार वर्षं झाली. अब्बूंचं दुकान आता भाऊ बघतो. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मागे रांग होती, मला घाई करायला हवी होती, आणि नऊ वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी तिथे, बॅगांच्या पट्ट्याशेजारी उभं राहून, धांदलीत म्हणून टाकलं. त्या दिवशी माझं चुकलं. मी खोटं बोलले. मग सवयीने पुढे बोलत गेले, की तो भटनागर काय लायकीचा माणूस होता, त्याला काडीची अक्कल नव्हती, तो परीक्षक तर त्याहून दिव्य, अशा लोकांचा राग यावा तेवढा थोडाच.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. बॅगेला चिठ्ठी लावली, हँडलभोवती नीट दाबून चिकटवली. मग म्हणाली, "मैम, मुझे सर पर कभी ग़ुस्सा नहीं आया. उनको तो पता ही नहीं था. आपको पता था."

आवाज खालचा होता, मागच्या माणसाला ऐकूही गेला नसेल. त्यात राग नव्हता. तो असता तर मला काही बोलता आलं असतं.

"गेट नंबर दो," ती पुढे म्हणाली, "फ़्लाइट डेढ़ घंटा लेट है. ऊपर चाय मिल जाएगी." तिने बोर्डिंग पास दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. तसा तो ती सगळ्यांपुढेच धरत असणार. मी घेतला. माझी बॅग पट्ट्यावरून पुढे गेली होती आणि तिने माझ्यामागच्या माणसाला हाताने पुढे बोलावलं होतं. मी बाजूला झाले.